रविवारी रस्ता मोकळा नसतो

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही जगताप डेअरी चौकाजवळ जमायचो. एक पिवळी मस्टँग, दोन बीएमडब्ल्यू, एक ऑक्टाव्हिया आरएस, एक मिनी आणि शेपटाला माझी सेकंडहँड पोलो जीटी. माझ्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणणं म्हणजे गल्लीतल्या बॉलरला बुमराह म्हणण्यासारखं आहे. पण टाकी फुल करताना पंपाच्या मीटरकडे बघून मीही बाकीच्यांसारखंच 'च्यायला' म्हणायचो. ग्रुपमध्ये सामील व्हायला तेवढं पुरतं.

तिथून डांगे चौक, रावेत आणि पुढे जुना मुंबई हायवे. एक्स्प्रेसवे आम्ही सोडला होता, कारण २०२४ पासून तिथे वेग पकडणारे कॅमेरे सुरू झाले. सात वाजता लोणावळ्यात मिसळ, आणि मिसळीबरोबर ठरलेला विषय : तिकडे पेट्रोल किती?

एका रविवारी ग्रुपमधल्या एकाचा मित्र आला होता. मूळचा रहाटणीचा, आता स्टुटगार्टला. म्हणजे थेट 'तिकडचा' माणूस समोर बसलेला. मग काय, हिशोब सुरू. दुबईत लिटर साठीच्या घरात. अमेरिकेत गॅलनचे लिटर केले की सत्तरच्या आसपास. आणि आपल्याकडे १०४! पुढच्या दहा मिनिटांत सरकार, व्हॅट, इथेनॉल आणि 'या देशात शौक करणंच गुन्हा आहे' इथपर्यंत गाडी आली.

मी गप्प होतो. तासाभरापूर्वी कान्हे फाट्याजवळ माझ्या हातून एक माणूस जाता जाता राहिला होता.

झालं असं, की वडगाव ओलांडल्यावर रस्ता रिकामा दिसला आणि मी मस्टँगच्या मागे लागलो. काटा १२० च्या पुढे गेला. दुभाजकाच्या फटीतून एक स्प्लेंडर निघाली, टाकवेच्या बाजूला वळायला. मी ब्रेक दाबला, गाडी डावीकडे ओढली आणि त्याच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावरून निघून गेलो. आरशात बघितलं. चाळिशीचा माणूस, हँडलला डब्याची पिशवी, गळ्यात कंपनीचं कार्ड. एक पाय जमिनीवर टेकवून उभा होता. आणि त्यानं हात वर केला. शिवी द्यायला नाही. चूक झाली, माफ करा, असं सांगायला.

चूक माझी होती आणि माफी तो मागत होता. त्या दिवसापासून हा हात माझ्या डोक्यातून जात नाही. हा लेख त्या हाताबद्दल आहे. पेट्रोलचा भाव त्यात येईल, पण भावाबद्दल बोलून आपण काय काय लपवतो, हे सांगण्यापुरताच.

आमच्या ग्रुपचं एक आवडतं वाक्य आहे : 'संडेला सकाळी रोड एकदम मोकळा असतो यार.' मी हे वाक्य शंभर वेळा म्हटलंय. आणि माझ्याइतकं ते कुणाला शोभत नाही, कारण मी भोसरी एमआयडीसीतल्या कामगाराचा मुलगा आहे. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात वाढलेल्या कुणालाही विचारा. आमच्याकडे सुट्टीचे दोन वार असतात. शाळेला रविवार आणि एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवार. लहानपणी रविवारी सकाळी मी अंथरुणात असायचो आणि पप्पा डबा घेऊन फर्स्ट शिफ्टला निघालेले असायचे. गुरुवारी ते घरी आणि मी शाळेत. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांना संध्याकाळचेच भेटलो.

म्हणजे रविवारी पहाटे रस्त्यावर माणसं असतातच. कंपनीच्या बसची वाट बघणारे, दुधाच्या गाड्या, सोसायटीची नाइट संपवून सायकलवर घरी जाणारे वॉचमन, झाडू घेतलेल्या बायका. रस्ता मोकळा असतो तो आयटीवाल्यांपासून. त्यात आपण नसलो की तो आपल्याला रिकामा वाटतो. बाकीची माणसं मोजायची आपल्याला सवयच नाही.

आता येऊ भावाकडे. ग्रुपमध्ये पेट्रोल खरोखर कुणाला महाग पडतं? लोणावळा जाऊन-येऊन माझं १३ लिटर जायचं, साडेतेराशे रुपये. माझ्या महिन्याच्या पगाराचा एक टक्काही नाही. मस्टँगवाल्याचं दुप्पट धरा, त्याला तर कळतही नाही. रहाटणीत आमच्या जुन्या घराशेजारी लातूरचा एक मुलगा राहतो. चाकणला कंत्राटी कामावर आहे, हातात १७ हजार पडतात. रोज जाऊन-येऊन ५० किलोमीटर, महिन्याला अडीच हजारांचं पेट्रोल. पगाराचा सातवा हिस्सा कामावर पोहोचण्यातच जातो. लिटरमागे केंद्राचा अबकारी कर आणि राज्याचा व्हॅट तो आणि मस्टँगवाला अगदी सारखाच भरतात. महागाईवर बोलायचा हक्क त्याचा आहे. बोलतो मात्र आपण, मिसळीवर लिंबू पिळत.

परदेशाशी तुलना करायचीच तर नीट करू. जर्मनीत २०२५ मध्ये लिटर पावणेदोन युरोच्या आसपास होतं, म्हणजे आपल्या दीडशे रुपयांच्या वर. आपल्यापेक्षा महाग. त्यात नुसता इंधनावरचा ऊर्जा कर लिटरमागे ६५ सेंटहून जास्त. पण २०२५ मध्ये तिथलं किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं. म्हणजे तिथला सगळ्यात कमी पगाराचा माणूस एका तासात सात लिटर कमावतो. चाकणचा तो मुलगा तासाला ८२ रुपये कमावतो. एका तासात एक लिटरही नाही. 'तिकडे पेट्रोल किती' या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे, आणि ते आपल्या बाजूचं नाही.

त्या दिवशी स्टुटगार्टचा मित्र आणखीही बरंच सांगत होता. कुणी ऐकलं नाही, म्हणून इथे लिहितो. गावात वेगमर्यादा ५० ची. ८१ नं सापडलात तर दंड वेगळा आणि महिनाभर लायसन्स जमा. रस्त्यावर बेकायदा शर्यत लावणं २०१७ पासून तिथे फौजदारी गुन्हा आहे, तुरुंग होऊ शकतो, गाडी जप्त होऊ शकते. समोर दुसरी गाडी नसली तरी. वस्तीत उगाच चकरा मारून लोकांना त्रास देणं, यालासुद्धा तिथे कायद्यानं मनाई आहे. कुणाल आयकॉन रोडवर रात्री अकराला एक्झॉस्टचे फटाके वाजवत चार राउंड मारणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. फिनलंडमध्ये तर दंड उत्पन्नाप्रमाणे लागतो. २०२३ मध्ये एका उद्योगपतीनं ५० च्या रस्त्यावर ८२ नं गाडी चालवली आणि १ लाख २१ हजार युरो भरले. आपल्याकडे २०१९ च्या सुधारित कायद्यात कारला वेगासाठी दंड आहे १००० ते २००० रुपये. आमच्या मिसळीचं बिल याहून जास्त व्हायचं.

मग तिकडच्यांनी हौस करायचीच नाही का? करतात की! न्यूरबुर्गरिंग नावाचा जवळपास २१ किलोमीटरचा ट्रॅक १९२७ पासून आहे. फेरीचे पैसे भरा आणि स्वतःची गाडी पळवा. मित्र तिथे जातो, तीन-साडेतीन तास ड्राइव्ह करून. आपल्याकडे चेन्नईजवळ, कोइम्बतूरला, ग्रेटर नोएडाला ट्रॅक आहेत. लांब आहेत, मान्य. ८० लाखांची गाडी घेताना ईएमआय लांबचा वाटला नाही, ट्रॅक तेवढा लांब वाटतो.

'आम्ही रोड टॅक्स भरतो' हेही नेहमीचंच. भरता, पण महाराष्ट्रात त्याला वरची मर्यादा आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २० लाखांवरून ३० लाखांवर नेली, तेव्हा किती कुरकुर झाली! चार कोटींच्या गाडीवर ३० लाख म्हणजे साडेसात टक्के. साध्या स्प्लेंडरवाल्याला दहाच्या आसपास पडतात, आणि त्याच्यासाठी कुणी मर्यादा घातलेली नाही.

'टू-व्हीलरवाले राँग साइडनं घुसतात, त्यांना कोण बोलणार?' घुसतात, आणि ते चूकच आहे. पण मी ६० वर असतो तर कान्हे फाट्यावरच्या त्या चुकीची किंमत एक करकचून ब्रेक आणि एक शिवी एवढीच असती. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. हे अकरावीतलं फिजिक्स आहे. त्याची चूक माणसाची होती. तिला जीवघेणी करणारा काटा माझ्या डॅशबोर्डवर होता.

आणि कल्याणीनगर विसरता येत नाही. १९ मे २०२४, पहाटे अडीचच्या सुमारास. पोलिसांच्या म्हणण्यानुसार सतरा वर्षांचा मुलगा पोर्शे चालवत होता. बाइकवरचे दोघे आयटी इंजिनिअर, वय २४. माझ्याच धंद्यातली, माझ्याच पिढीतली माणसं. त्या मुलाला पहिल्यांदा जामीन मिळाला तेव्हा ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट होती, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. दोन गोष्टी कमी लक्षात आहेत. एक, १७५८ रुपये फी न भरल्यामुळे त्या गाडीचं रजिस्ट्रेशन अडकलं होतं. दुसरी, ती पोर्शे टायकान होती. इलेक्ट्रिक. तिला पेट्रोल लागतच नव्हतं. गाडीचा खर्च लिटरमध्ये मोजणाऱ्यांच्या हिशोबानं ती रात्र जवळपास फुकटातच पडली.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तरं आली : 'भावा, कीर्तनकार झालास का?' 'पोलो विक, प्लेझर घे.' एकानं खासगीत लिहिलं, 'माझंही असंच झालं होतं मागच्या वर्षी.' ग्रुपवर तो काही बोलला नाही.

पोलो मी विकलेली नाही. टर्बोचा धक्का पाठीला बसतो तेव्हा अजूनही मजा येते, खोटं कशाला बोलू. ती गाडी आपल्या चाकणलाच बनलेली आहे. असेच डबे घेऊन पहाटे निघालेल्या माणसांनी बनवलेली. हे मला आधीही माहीत होतं, पण ते माझ्या रविवारात कुठे बसत नव्हतं.

पप्पा आता रिटायर झालेत. त्यांना कान्हे फाट्याचं सांगितलं तेव्हा मला वाटलं, ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "हात त्यानं वर केला. तू काय केलंस?"

मी काही केलं नव्हतं. गिअर टाकून पुढे गेलो होतो, मस्टँग गाठायला.

म्हणून ग्रुपमधल्या सगळ्यांना सरळ सांगतो. वेग हवा असेल तर वर्षातून दोनदा पैसे जमवून ट्रॅकवर जाऊ, मी हिशोब ठेवायला तयार आहे. रविवारी लोणावळ्याला जायचं तर मर्यादेत जाऊ, मिसळ सातऐवजी साडेसातला खाऊ. दंड गाडीच्या किमतीप्रमाणे लागावा अशी मागणी कुणी केली, तर पहिली सही आपली असू दे. आणि पुढच्या वेळी कुणी 'तिकडे पेट्रोल किती' विचारलं, तर त्याला विचारा, तिकडे दंड किती? आणि तिकडचा कामगार तासाला किती लिटर कमावतो?

एवढं जमत नसेल तर निदान एक करा. रस्ता मोकळा आहे असं म्हणू नका. तिथे कुणाचा तरी बाप डबा घेऊन निघालेला असतो.