न्हाणीघराची भिंत आणि पितृऋण

वर्ध्यात नवे घर बांधताना मुहूर्त पाहिला जातो, देवघर ईशान्येस येईल याची खात्री केली जाते, ओटा कोणत्या दिशेस असावा यावर घरात दोन-दोन बैठका होतात. न्हाणीघराच्या भिंतीला धरायला एक दांडी असावी, हे मात्र कोणास सुचत नाही. आजोबा ओल्या फरशीवर घसरतात, खुब्याचे हाड मोडते आणि खाटेला खिळतात, तेव्हा ती आठवते.

कायद्याची स्थिती विलक्षण आहे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६च्या आवृत्तीत वृद्ध व दिव्यांगांसाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. पण संहिता शिफारस करते, सक्ती करते ते राज्यांचे नियम. महाराष्ट्राने डिसेंबर २०२०मध्ये मुंबई वगळता बहुतांश राज्यासाठी एकच विकास नियंत्रण नियमावली आणली. तीमधील अडथळामुक्त प्रवेशाच्या तरतुदींचा रोख शाळा, कार्यालये, सभागृहे यांकडे आहे. खासगी निवास कक्षेबाहेर. पुढे २०२४मध्ये महारेराने ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांना न्हाणीघरात आधारदांड्या आवश्यक केल्या. म्हणजे आई-वडील वेगळ्या वसाहतीत राहावयास गेले तर दांडी नियमाने मिळणार, आणि मुला-नातवंडांत राहिले तर मुलाच्या मर्जीवर! एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्या समाजाला ही विसंगती बोचली पाहिजे.

प्रत्येक घरात निरीक्षक शिरावा, असे कोणी म्हणणार नाही. घर हे शासनाचे खाते नव्हे. नियमाने मागावे ते एवढेच, की नव्या घराच्या एका तरी न्हाणीघराची भिंत दांडी पेलण्याजोगी असावी. खरी मेख तेथेच आहे. टॉवेलच्या दांडीला घाईत हात घातला की ती खिळ्यांसकट हातात येते. कारण ती ओल्या कपड्यासाठी असते, साठ-सत्तर किलोच्या देहासाठी नव्हे. अर्ध्या विटेच्या भिंतीत, टाइलमागचे प्लास्टर पोकळ असेल तर पोलादी दांडीही कुचकामी ठरते. बांधतानाच त्या जागी काँक्रीटचा ठोकळा बसवला तर खर्च नगण्य. नंतर टाइल फोडून तेच करणे त्रासाचे. दांडी मुठीत मावावी, भिंतीपासून बोटे शिरतील इतकी सुटी असावी, आणि भांड्याशेजारी व स्नानाच्या जागी अशी दोन ठिकाणी असावी.

खेड्यांतील चित्र अधिक अवघड आहे. १२,००० रुपयांच्या प्रोत्साहनातून घरोघरी शौचालये उभी राहिली, हे मोठेच कार्य झाले. परंतु देवळी वा समुद्रपूरकडच्या एखाद्या गावात गुडघे गेलेली आजी उकिडवी बसल्यावर उठताना दाराच्या कडीला लोंबकळते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना सहायक साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात, त्यांत काठी आहे, कमोड खुर्ची आहे. काठी ओल्या फरशीवरच सर्वांत कमी उपयोगाची, हेही खरे.

सेवाग्रामला बापू कुटी पाहणाऱ्यास तेथील न्हाणीघर व शौचकूपही दिसतो. गांधीजींनी त्या जागेला बैठकीच्या खोलीइतकाच मान दिला होता. आपल्या घरांत ती अजून मागच्या दाराची, बोलू नये अशी जागा आहे.

शिवाय मान आडवा येतो. आयुष्यभर ताठ चाललेल्या शिक्षकाला दांडी म्हणजे पराभव वाटतो. ‘मला अजून काही झालेले नाही’, हे उत्तर ठरलेले. यावर उपाय एकच: दांडी आजोबांसाठी न लावता घरासाठी लावावी. गरोदर सुनेला ती लागते, पाय मुरगळलेल्या नातवालाही लागते.

पुण्या-हैदराबादेत नोकरीस असलेला मुलगा दिवाळीला वर्ध्यास येतो, आईसाठी भारी शालू आणतो. तो जाण्याआधीच्या दिवशी गवंडी बोलावता येतो. काम अर्ध्या दिवसाचे आहे.