पुढे म्हणजे कुठे?



गेल्या रविवारी गणेशोत्सवाच्या तयारीची बैठक झाली. नेहमीसारखंच. समोर लांब टेबल, त्यामागे कार्यकारिणीतले काका लोक आणि शेवटच्या रांगेत आम्ही, मोबाइलमध्ये डोकं घालून. "तरुणांनी पुढे यावं," असं अध्यक्षकाका तीनदा म्हणाले. पण पुढे म्हणजे कुठे? पुढे खुर्चीच नव्हती!

मला पिक्सारचं टेबल आठवलं. 'टॉय स्टोरी' बनवणारी ही कंपनी. तिचे एक संस्थापक एड कॅटमल यांनी २०१४ साली आलेल्या आपल्या पुस्तकात हा किस्सा सांगितलाय. त्यांच्या मोठ्या मीटिंग रूममध्ये १३ वर्षं एक लांबलचक, अरुंद, देखणं टेबल होतं. दिग्दर्शक, निर्माते, स्वतः कॅटमल मध्यभागी आणि बाकीचे टोकांना. महत्त्वाच्या माणसांना मधली जागा मिळावी म्हणून नावांच्या पाट्याही आल्या. मधल्या जागेपासून जितके लांब, तितके कमी महत्त्वाचे, हे कुणी न सांगताच ठरलं. टोकाची माणसं बोलेनाशी झाली. आणि मध्ये बसणाऱ्यांना यातलं काही जाणवलंच नाही! त्यांना तर सगळं छान दिसत होतं, ऐकू येत होतं.

योगायोगानं एक बैठक छोट्या खोलीत, चौकोनी टेबलाभोवती झाली. सगळे मोकळेपणी बोलले, तेव्हा कुठे लक्षात आलं. टेबल बदललं. तरी पाट्या परत आल्याच! शेवटी दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांनी त्या उचलून इकडच्या तिकडे करून टाकल्या.

माझं कामही हेच. फॉर्ममधला एक रकाना सक्तीचा केला की ऑफिसातली माणसं वेगळी वागायला लागतात. तरी मंडळाच्या खुर्च्यांकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

चहाच्या वेळी आम्ही तिघांनी खुर्च्या गोल मांडल्या. "अंताक्षरी आहे का रे?" एक काका म्हणाले, पण बसले. एरवी ट्रे घेऊन दाराशी उभ्या राहणाऱ्या एक काकूही बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "प्रसादाचं सगळं दरवर्षी आम्हा चौघींवरच येतं. मुलांच्याही पाळ्या लावा की." दोन क्षण कुणीच बोललं नाही. मग अध्यक्षकाकांनी वहीत लिहून घेतलं.

गोलात गप्पा फार झाल्या, हेही खरं. वर्गणीचा हिशेब राहूनच गेला. त्यासाठी येत्या रविवारी पाचला पुन्हा बैठक आहे. साडेचारला कोण कोण येतंय? खुर्च्या मांडायच्यात.