माध्यमिक शाळांतील भूगोलाच्या विषयप्रमुखास मान्यता मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री महोदय,
शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : भूगोलाच्या विषयप्रमुखास लेखी नियुक्ती, निश्चित कर्तव्ये व आवश्यक साधने देण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे, राज्यातील माध्यमिक शाळांत इयत्ता आठवी ते दहावीच्या वर्गांस भूगोल शिकविणारे अध्यापक, पुढील निवेदन आपल्या विचारार्थ सादर करीत आहोत. वेतन, भत्ते अथवा बढती यांविषयीची कोणतीही मागणी यात नाही, हे आरंभीच नमूद करतो. कारण अध्यापकांचे निवेदन म्हटले की दप्तरात ते कोणत्या गठ्ठ्यात बांधले जाते, याची आम्हांस कल्पना आहे. आमची कैफियत एवढीच की, शाळेत भूगोलाला पुस्तक आहे, तासिका आहेत, चाळीस गुणांची प्रश्नपत्रिका आहे, परंतु त्याला धनी नाही.

खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांनी मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक व पर्यवेक्षक या पदांस स्थान दिले. विषयप्रमुखाचे तसे पद मात्र त्यांत नाही. पर्यवेक्षक सर्व विषयांच्या टाचणवह्या पाहतो आणि घटक मुदतीत पूर्ण झाला की नाही हे सांगू शकतो. परंतु समोच्चरेषा वर्गात कळल्या की केवळ फळ्यावर काढल्या गेल्या, हे त्याने ओळखावे अशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. जून महिन्यात तोंडी नेमलेला विषयप्रमुख वार्षिक नियोजनाच्या कागदावर सही करतो, घटक चाचणीची प्रश्नपत्रिका गोळा करतो, आणि त्याचा अंमल तेथेच संपतो.

याचा परिणाम तासिकांच्या वाटपात प्रथम दिसतो. गणित, विज्ञान व इंग्रजी यांची तजवीज झाल्यानंतर ज्याच्या वेळापत्रकात जागा उरते, त्याच्या पदरी भूगोल पडतो. तो अध्यापक इतिहासाचा असो वा मराठीचा, आपल्या परीने प्रामाणिकपणे शिकवितो, परंतु अडले तर विचारावे कोणाला, याचे उत्तर शाळेत नसते. १४ जानेवारीस आपल्या शाळांत भूगोल दिन साजरा होतो, आणि बहुधा त्याच दिवशी मकरसंक्रांत असल्यामुळे ‘आजपासून सूर्याचे उत्तरायण सुरू झाले’ असे अनेक वर्गांत सांगितले जाते. वस्तुतः सूर्याचे भासमान उत्तरेकडे सरकणे २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू झालेले असते. ही चूक अज्ञानाची कमी आणि एकाकीपणाची अधिक आहे; शेजारी बसून ‘हे एकदा तपासून पाहू’ म्हणणारा कोणी असता, तर ती एका मधल्या सुटीत दुरुस्त झाली असती.

विषयप्रमुखाचे काम काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट करण्याची अनुज्ञा असावी. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे येथील प्रत्येक गावी वर्षातून दोनदा सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. परंतु त्यांपैकी पहिला शून्य सावलीचा दिवस मे महिन्यात, म्हणजे उन्हाळी सुटीत जातो, आणि दुसरा जुलै-ऑगस्टच्या ढगांत बुडतो. एकटा अध्यापक येथे हताश होऊन पाठ वाचून दाखवितो. ज्याच्यावर विषयाची जबाबदारी सोपविली आहे असा प्रमुख मात्र वर्षारंभीच मैदानात एक काठी रोवतो, दर पंधरवड्यास माध्यान्हीच्या सावलीची नोंद वेगवेगळ्या तुकड्यांकडून एकाच वहीत करवितो, २३ सप्टेंबरला काठीची उंची व सावलीची लांबी यांवरून मुलांना स्वतःच्या गावाचे अक्षांश काढावयास लावतो, आणि गणिताच्या सहकाऱ्यास त्यासाठी एक तासिका मागून घेतो. यास अनुदान लागत नाही. लागते ते वर्षभराचे सातत्य, आणि सातत्य राखणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असावे लागते.

साधनांची स्थितीही अशीच आहे. आमच्यापैकी एकाच्या शाळेत पृथ्वीगोल, पर्जन्यमापक, आर्द्र-शुष्क तापमापक आणि खडकांच्या नमुन्यांची पेटी अशी सामग्री जडवस्तू संग्रहाच्या नोंदवहीत वर्षानुवर्षे सुरक्षित आहे, आणि कपाटातही तितकीच सुरक्षित आहे. कारण वस्तू फुटल्यास भरपाई कोणी द्यावयाची, या भीतीने किल्ली बाहेर निघत नाही. महाबळेश्वरी वर्षास साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून तीस-पस्तीस किलोमीटरांवरील वाईस त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाही पडत नाही, हे मुले पाठ म्हणतात. परंतु स्वतःच्या शाळेच्या अंगणात काल किती पाऊस पडला, हे पर्जन्यमापक कपाटात असूनही त्यांस ठाऊक नसते.

क्षेत्रभेटीची कथा याहून विपरीत आहे. २०१८ साली आलेल्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’ हा आहे. पुस्तककारांचा हेतू उघड आणि स्तुत्य आहे. परंतु भेटीचे नियोजन, पूर्वपाहणी, परवानगी व वाहन यांची जबाबदारी कोणावरच निश्चित नसल्यामुळे बहुधा तो पाठ वर्गातच, बाकावर बसून, प्रश्नोत्तरांसह पूर्ण केला जातो. परीक्षेतही मार्च २०२० मधील दहावीचा शेवटचा, म्हणजे भूगोलाचा, पेपर महामारीमुळे आधी तहकूब व नंतर रद्द झाला आणि अन्य विषयांच्या सरासरीने गुण देण्यात आले. तो आपत्तीतील इलाज होता व त्याबद्दल आमची तक्रार नाही. एरवीही शाळांतून या विषयाला शेवटच्या पेपराचा विषय म्हणूनच वागविले जाते, ही मात्र आमची तक्रार आहे.

विषयप्रमुख नेमल्यास शाळेत आणखी एक हुकूम चालविणारा निर्माण होईल, अशी हरकत घेतली जाण्याचा संभव आहे. आम्हांस अभिप्रेत असलेला प्रमुख हा सहकाऱ्यांत अग्रणी आहे, अधिकारी नव्हे. दोष टिपून वर कळविणे हे त्याचे काम नसून, दोष घडण्यापूर्वी साहाय्यास असणे हे त्याचे काम आहे. सबब पुढील मागण्या सादर करीत आहोत :

१. भूगोल हा विषय घेऊन पदवी संपादन केलेल्या अध्यापकास मुख्याध्यापकांनी विषयप्रमुख म्हणून किमान तीन वर्षांच्या मुदतीने लेखी नियुक्ती द्यावी.

२. वार्षिक नियोजन, नवागत व अन्य विषयांच्या अध्यापकांस मार्गदर्शन आणि प्रत्येक सत्रात सहकाऱ्याच्या एका पाठास उपस्थिती ही त्याची कर्तव्ये परिपत्रकाने निश्चित करावीत; त्या उपस्थितीची नोंद गोपनीय अहवालात जाऊ नये.

३. या कामासाठी त्यास आठवड्यास दोन तासिकांची सूट द्यावी.

४. भूगोल दालनातील साधने त्याच्या ताब्यात द्यावीत, आणि अध्यापनात वापरताना फुटलेल्या वस्तूंची वसुली न करता त्यांचे निर्लेखन करण्याची मुभा असावी.

५. वर्षातून एक दिवस क्षेत्रभेटीसाठी शालेय दिनदर्शिकेत राखून ठेवावा, व तालुक्याच्या हद्दीतील भेटीस मुख्याध्यापकांची मंजुरी पुरेशी मानावी.

६. जेथे शाळा लहान आहेत तेथे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील शाळा संकुलाच्या कल्पनेनुसार शेजारच्या तीन-चार शाळांस मिळून एक विषयप्रमुख असावा.

७. प्रत्येक विषयप्रमुखास भारतीय सर्वेक्षण विभागाचा आपल्या परिसराचा स्थलनिर्देशक नकाशा मिळावा, आणि तो वाचण्याचे प्रशिक्षण पुणे येथील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत दिले जावे.

या सात मागण्यांपैकी पहिल्या पाचांस केवळ एका परिपत्रकाची आवश्यकता आहे. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी ते निघाल्यास शाळा उघडताच मैदानात काठी रोवता येईल. आपण या निवेदनाचा सहानुभूतीने विचार करून आमच्या प्रतिनिधींस भेटीची वेळ द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
माध्यमिक शाळांतील भूगोलाचे अध्यापक
(सह्या सोबत जोडल्या आहेत.)

प्रत माहितीस्तव : मा. शिक्षण आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे