अर्धी गोष्ट मुलाला सांगू द्या

‘तीन वर्षांचा झाला, कळतं सगळं त्याला, पण बोलत नाही.’ सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात हे वाक्य नेहमी ऐकू येते. सोबतची आजी बहुधा धीर देते, ‘ह्याचा बापही उशिराच बोलला होता.’ बोलला असेल. पण त्या बापाच्या लहानपणी घरात मोबाइल नव्हता आणि संध्याकाळी ओट्यावर चार माणसे बसत होती. आता तपासताना मूल रडू लागले की खिशातून फोन निघतो, मूल गप्प होते आणि सगळ्यांना बरे वाटते.

अशा मुलाची आधी श्रवण तपासणी हवी. वर्षाचे मूल बडबडत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल किंवा येत असलेले शब्द बंद झाले असतील, तर आजीचे ऐकू नये, डॉक्टरांना दाखवावे. वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही हे सांगता येते. हे आधीच सांगतो, कारण पुढे ज्या खेळाबद्दल लिहिणार आहे तो बहिरेपणावरचा किंवा स्वमग्नतेवरचा उपचार नाही.

पण बऱ्याच मुलांचे कान चांगले असतात, बुद्धीही चांगली असते. त्यांच्याशी घरात कोण बोलते, असे विचारले तर उत्तर येते, ‘सगळेच बोलतात की!’ काय बोलतात? हे खा, इकडे ये, हात लावू नको. या बोलण्याला मुलाच्या उत्तराची गरजच नसते.

अमेरिकेतील एमआयटीमध्ये रॅचेल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांचा अभ्यास करून तो २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. घरातले बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि गोष्ट ऐकताना मुलांच्या मेंदूचे काम तपासले. मुलाच्या कानावर किती शब्द पडले, यापेक्षा मूल आणि मोठी माणसे यांच्यात आळीपाळीने किती बोलणे झाले, याचा संबंध मेंदूतील भाषेच्या भागाच्या कामाशी अधिक दिसला. घरची मिळकत लक्षात घेऊनही तो संबंध टिकला. अभ्यास लहान आहे, त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरी रोज जे दिसते त्याच्याशी तो जुळतो.

म्हणून पालकांना माझे सांगणे असते, की गोष्ट सांगा, पण अर्धीच. ‘एक होती शेळी. ती निघाली घोडेगावच्या बाजाराला. वाटेत तिला भेटला...’ आणि थांबा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. हे थांबणेच मोठ्यांना सर्वांत जड जाते. मूल म्हणेल, ‘टॅक्टर.’ बरे, ट्रॅक्टर भेटला. मग? ‘पाऊश.’ पाऊस आला, शेळी भिजली. ‘शेली पलली’ म्हणाले तर उच्चार सुधारून वदवून घेऊ नका. ‘हो, शेळी पळाली! कुठं पळाली?’ एवढे म्हटले की योग्य शब्द कानावर पडतो आणि गोष्टही पुढे सरकते. दोन वर्षांच्या मुलाने नुसते ‘बें’ केले तरी त्याची पाळी झाली. अडखळणाऱ्या मुलाला घाई करू नये. या वयात थोडे अडखळणे नेहमीचे असते.

आपल्याकडे हे नवे नाही. कापूसकोंड्याची गोष्ट आठवा. ती कधी सुरूच होत नाही, समोरचा जे बोलेल तेच त्याच्याकडे परत येते. पोर चिडते, हसते आणि पुन्हा तीच मागते. भातुकलीत तर सगळा संसारच मुले मिळून रचतात.

चार-पाच वर्षांची मुले असतील तर गोल बसवून हातात एक खडा द्यावा. खडा ज्याच्या हातात त्याने गोष्टीत एक भर घालायची. नियम एकच, आधीच्याने सांगितलेले पुसायचे नाही. एकाने शेळी विहिरीत पाडली तर पुढच्याने ‘नाही पडली’ म्हणायचे नाही, तिला बाहेर काढायचे. सहकार म्हटले की आपल्या जिल्ह्याला प्रवरानगरचा कारखाना आठवतो. हा त्याहून लहान वयाचा सहकार. यात मूल थांबायला शिकते, मागचे लक्षात ठेवते, स्वतःची कल्पना दुसऱ्याच्या कल्पनेला जोडते. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळे, प्रसंगी चुकीचेही असू शकते, ही समज साधारण चौथ्या वर्षाच्या सुमारास येते. आईने गूळ डब्यातून फडताळात हलवला, ताईने ते पाहिले नाही, तर ताई गूळ कुठे शोधेल? तीन वर्षांचे मूल बहुधा ‘फडताळात’ म्हणते. पाच वर्षांचे ‘डब्यात’ म्हणून हसते. गोष्टीतल्या लांडग्याला काय ठाऊक आहे आणि शेळीला काय, हे ठरवताना याच समजेचा सराव होतो.

स्नेहसंमेलनातली कथाकथन स्पर्धा मात्र यात धरू नये. पाठ केलेली गोष्ट, हातवारे, परीक्षक, तिसरा क्रमांक आणि रडणे, यात समोरच्याचे ऐकण्याला जागाच नाही. प्रत्येक गोष्टीला तात्पर्य चिकटवण्याची सवयही सोडावी. शेळी ट्रॅक्टरवर बसून घरी आली, एवढे पुरे.

आता पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड कुटुंबांचे काय? हंगामात अंगणवाडी सुटते. आई-बाप पहाटेच फडात जातात आणि कोपीवर धाकट्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण राहते. तिने खरे तर शाळेत असायला हवे, आणि ती जबाबदारी शासनाची व कारखान्यांची आहे. ते होईपर्यंत धाकट्याशी दिवसभर बोलणारे माणूस तीच. पुस्तक नाही, खेळणे नाही, पण खडा आणि शेळीची गोष्ट तिला अर्ध्या तासात शिकवता येते.

ते शिकवणार कोण? अंगणवाडी सेविका. २०२३ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या ‘पोषण भी पढाई भी’ उपक्रमात रोज किमान दोन तास पूर्वप्राथमिक शिक्षणाची अपेक्षा आहे. अपेक्षा रास्तच आहे. पण पोषण ट्रॅकरच्या नोंदी, वजने, आहारवाटप आणि सर्वेक्षणे याच बाईने करायची आहेत. महिला व बालविकास विभागाने रोज वीस मिनिटे तरी अशी ठरवून द्यावीत, की त्या वेळात सेविकेकडे एकही नोंद मागितली जाणार नाही. ज्या गावांतून टोळ्या जातात तिथे शाळेतल्या थोरल्या बहीण-भावांनाही त्या वीस मिनिटांत अंगणवाडीत बसू द्यावे. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, त्याआधीचे दोन महिने याला पुरतील.