चार्जिंगला उभ्या गाडीत पिक्चर बघा. चालत्या गाडीत मात्र कुलूप पाहिजेच

सोलापूर : मार्च २०२५ मधली गोष्ट अनेकांना आठवत असेल. दादरहून स्वारगेटला निघालेल्या एसटीच्या ई-शिवनेरी बसचा चालक गाडी चालवता चालवता मोबाईलवर क्रिकेटची मॅच बघत होता. एका प्रवाशाने त्याचा व्हिडिओ काढला आणि परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांच्यापर्यंत पोचवला. चालक खासगी ठेकेदार कंपनीचा होता. त्याला कामावरून काढलं आणि कंपनीला पाच हजार रुपये दंड झाला. विषय तिथंच संपला.

पण खरंच संपला का? त्या बसमध्ये निदान मोबाईल वेगळा होता, तो काढून घेता येत होता. आता ज्या नव्या इलेक्ट्रिक गाड्या येतात, त्यांच्यात व्हिडिओ बघायची सोय गाडीतच बसवलेली असते. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या टाटा नेक्सॉन ईव्हीच्या वरच्या मॉडेलला सव्वाबारा इंचांचा टचस्क्रीन आहे आणि त्यावर ओटीटीचे ॲप चालतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने आणलेल्या एक्सईव्ही ९ई गाडीत तर डॅशबोर्डवर ओळीने तीन स्क्रीन आहेत. त्यातला एक शेजारी बसणाऱ्यासाठी. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने मुंबईत शोरूम उघडलं. टेस्लाच्या गाडीत नेटफ्लिक्स, यूट्यूब २०१९ पासूनच आहे.

सोय कशासाठी?

ही सोय वाईट आहे असं नाही. सोलापूर ते पुणे साधारण अडीचशे किलोमीटर. पूर्ण चार्ज नसेल तर वाटेत कुठंतरी थांबावं लागतं. फास्ट चार्जर असला तरी अर्धा-पाऊण तास जातो. हॉटेलचा चहा पिऊन झाल्यावर करायचं काय? गाडीत एसी लावून पोरांना कार्टून दाखवा, स्वतः बातम्या बघा. गाडी उभी आहे, कुणाचं काही जात नाही.

म्हणूनच अशा सोयीला कुलूप असायला पाहिजे. गाडी पार्किंगमध्ये असेल तरच चालकासमोर चित्र दिसावं, गाडी हलली की बंद व्हावं. अमेरिकेत यावरूनच वाद झाला होता. टेस्लाच्या स्क्रीनवर चालत्या गाडीत गेम खेळता येत होता. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या रस्ता सुरक्षा खात्याने सुमारे ५ लाख ८० हजार गाड्यांची चौकशी सुरू केली. लगेच कंपनीने कबूल केलं की गाडी चालू असताना गेम बंद राहील. त्यासाठी एकही गाडी गॅरेजला न्यावी लागली नाही, नुसता सॉफ्टवेअरचा अपडेट पाठवला. म्हणजे कुलूप लावणं कंपनीला अवघड नाही. आणि जे बसल्या जागेवरून लावता येतं, ते काढताही येतं, हे पण लक्षात घ्या.

कुलूप तोडणारे आपलेच

आपल्याकडे खरी अडचण पुढं आहे. जुन्या डिझेल-पेट्रोल गाडीत बाहेरून अँड्रॉइड स्क्रीन बसवून घेतात. त्याची एक वायर हँडब्रेकला जोडायची असते. ब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडिओ चालावा यासाठी. पण गिऱ्हाईक म्हणतं, चालत्या गाडीत पण दिसलं पाहिजे. मग ती वायर सरळ अर्थिंगला जोडली जाते. पाच मिनिटांचं काम. स्क्रीनला वाटतं ब्रेक ओढलेलाच आहे.

अशा गाडीत मी स्वतः बसलोय. पाहुण्यांच्या लग्नाला भाड्याच्या गाडीने निघालो होतो. मोडनिंबच्या पुढं बघतो तर स्क्रीनवर पिक्चर चालू. म्हटलं, दादा, बंद करा की. तर म्हणाला, "मी बघत नाही ओ, नुसतं ऐकतोय." पण फायटिंग आली की नजर तिकडं जातच होती.

हिशोब सोपा आहे. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. तीन सेकंद नजर स्क्रीनवर गेली तर ६६ मीटर अंतर न बघता कापलं. आपल्या जिल्ह्यात त्या ६६ मीटरमध्ये काय काय असतं? गाळपाच्या हंगामात मागं लाल दिवा नसलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या. अंधारात शेतातून घरी निघालेली बैलगाडी. आणि वारीच्या दिवसांत वारकरी. ३१ ऑक्टोबर २०२२ ला सांगोल्याजवळ जुनोनीत कार्तिकीला निघालेल्या दिंडीत मागून कार घुसली आणि सात वारकऱ्यांचा जीव गेला. तो अपघात स्क्रीनमुळे झाला असं इथं म्हणायचं नाही. आपल्या रस्त्यावर संध्याकाळनंतर कोण चालत असतं, एवढंच सांगायचंय.

कायदा हातातल्या फोनपुरता

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ ला बदल झाला. गाडी चालवताना हातात फोन वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंग धरलं जातं. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायला ऑक्टोबर २०२० पासून मुभा आहे.

पण या कलमात शब्द हातात धरायच्या साधनाचा आहे. डॅशबोर्डमध्ये बसवलेला स्क्रीन हातात कुठं धरतात? त्याला त्याच कलमातलं 'बेफिकीर चालवणं' लावता येईल, पण ते सिद्ध कोण करणार? टोल नाक्यावरचा पोलीस कानाला लावलेला फोन बघतो. काचेआडचा स्क्रीन त्याला दिसत नाही, आणि दिसला तरी गाणं लावलंय म्हटलं की विषय संपतो.

इलेक्ट्रिक गाड्या वाढाव्यात म्हणून राज्य सरकारने २०२५ च्या धोरणात सवलती दिल्या, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर टोलमाफी ठरवली. चांगलंच आहे. त्यासोबत आणखी दोन गोष्टी व्हायला हव्यात. एक, चालकाला दिसणाऱ्या स्क्रीनवर चालत्या गाडीत व्हिडिओ बंद राहील असं कुलूप कायद्याने सक्तीचं करा, आणि ते तोडून देणाऱ्यालाही दंड लावा. दोन, भाड्याच्या गाड्या पासिंगला सोलापूर आणि अकलूजच्या आरटीओत येतातच. तिथं दिवे, ब्रेक बघतात तसा स्क्रीन पण लावून बघा. दोन मिनिटं लागतील. खासगी गाडीला पंधरा वर्षं पासिंग नसतं, त्यामुळे तिथं मालकालाच अक्कल दाखवावी लागेल.

ई-शिवनेरीचं प्रकरण ना कॅमेऱ्याने पकडलं, ना पोलिसाने. मागं बसलेल्या एका प्रवाशाने पकडलं. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर गाडीत बसलेल्यानेच तोंड उघडायला पाहिजे. भाडं आपण देतो, जीवही आपलाच आहे.