सोवळे फक्त भोकापुरते

सोवळे-ओवळे ही खास आपल्याकडची मिरास आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा जानेवारीत मिनेसोटाला जावे. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या या राज्यात दहा हजारांवर तळी आहेत. ती गोठली, की तिथला माणूस घरात शेकत बसायचे सोडून तळ्याच्या मध्यावर जातो, बर्फाला सहा-आठ इंच रुंदीचे भोक पाडतो, त्यात गळ सोडतो आणि वाट बघत बसतो. माझी मुलगी तिकडे असल्यामुळे मी हा प्रकार दोन हिवाळे जवळून पाहिला आहे. मी मासे खात नाही. तेव्हा माझे मत निःपक्षपाती समजायला हरकत नाही.

वाद आहे तो भोकाचा. पूर्वी ते हाताने फिरवायच्या गिरमिटाने पाडीत. आपल्या सुताराचेच गिरमिट, फक्त छातीइतके उंच. मग पेट्रोलची गिरमिटे आली. वजन भारी, धूर भारी आणि आवाज असा की रिक्षा बरी! आता लोकांनी साधी युक्ती काढली आहे. घरात पडद्याचे रॉड बसवायला जे बॅटरीवरचे ड्रिल असते, त्यालाच खाली बर्फाचे गिरमिट जोडायचे. फूटभर बर्फ मिनिटाच्या आत आरपार. जुन्या साडीची गोधडी आणि गोधडीचे पायपुसणे करणाऱ्या आपल्या समाजाला यातले कौतुक वेगळे समजावून सांगायला नको.

पण तिकडच्या कर्मठांना हे खपत नाही. ‘‘ही कसली मासेमारी? खरा गडी हाताने भोक पाडतो!’’ असे मला सुनावणारे गृहस्थ त्या वेळी कुठे बसले होते? बर्फावर ओढत आणलेल्या खोपटात, गॅसच्या शेगडीला पाय लावून, पाण्याखालचा मासा दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर डोळे ठेवून! आमच्या नात्यातल्या एका आजींना पुरण पाट्यावरच वाटलेले लागे. मिक्सरचे चालत नसे. वाटत मात्र सुना होत्या.

आणि बॅटरीच्या ड्रिलने भोक पाडणे एवढे कमीपणाचे असेल, तर 1971 साली अपोलो 15 च्या अंतराळवीरांनी काय केले? चंद्राच्या जमिनीत बॅटरीच्या ड्रिलनेच भोके पाडली ना? आत रुतलेली नळी उपसायला दोघांना जोर लावावा लागला, ही गोष्ट वेगळी. पण ‘खरा गडी असशील तर हाताने पाड’ असे त्यांना पृथ्वीवरून कुणी कळवल्याचे ऐकिवात नाही.

आता थट्टा बाजूला. तिथले सरकारी खाते सांगते, की पायी जायला नवा, स्वच्छ, पारदर्शक बर्फ निदान चार इंच हवा. पांढरट बर्फाची ताकद त्याच्या निम्मीच धरायची. शिवाय जाडी एका जागी मोजून भागत नाही, दर दीडशे फुटांवर मोजायची. हाताने गिरमिट फिरवणारा माणूस दोन ठिकाणी मोजतो आणि तिसऱ्या ठिकाणी म्हणतो, ‘‘असेल हो!’’ या ‘असेल हो’पायी माणसे बुडतात. ड्रिलवाल्याला आणखी एक भोक म्हणजे नुसता एक खटका. मग तो मोजतो.

विरोधकांचे म्हणणे अगदीच पोकळ आहे असे नाही. पाते बर्फात अडकले की ड्रिल मनगट पिरगाळते. म्हणून आडवी मूठ लावून दोन्ही हातांनी धरायचे. उलटे फिरवले तर चकची पकड सुटून गिरमिट तळ्याच्या तळाशी जाते; म्हणून वर थाळीएवढी चकती बसवायची. ती भोकावर अडते. थंडीत बॅटरी मान टाकते. म्हणून ती कोटाच्या आत, पोटाशी. मुलीच्या शेजारचे आजोबा दोन बॅटऱ्या अशा काही जपून नेतात, की जणू घरात जुळी झाली आहेत. खांदा धरल्यामुळे चार हिवाळे त्यांनी खिडकीतूनच तळे पाहिले. परवा स्वतःच्या हाताने पाच भोके पाडून आले. त्यांना ‘‘तुम्ही खरे गडी नव्हे’’ असे सांगायला त्या शेगडीवाल्या गृहस्थांनी जरूर जावे. मी बरोबर येतो.

या ड्रिलवर माझा आक्षेप एकच आहे. आजोबांनी ते मुलीकडून ‘दोन दिवसांसाठी’ नेले, त्याला आता तीन आठवडे झाले. पडद्यांचे रॉड दिवाणखान्यात जमिनीवर पडले आहेत आणि जाता-येता माझ्या पायात येतात.