वाचलेल्याला कोण विचारतो?

आपल्या भागात ‘औषध मारले’ आणि ‘औषध घेतले’ यांत एका शब्दाचा फरक आहे. बाटली तीच, कृषी सेवा केंद्र तेच, उधारीची वहीही तीच. अंगात गेल्यावर विष जे करायचे ते दोघांनाही सारखेच करते. पण दवाखान्याच्या दारात या दोन माणसांची वाट वेगळी होते. कपाशीवर फवारा मारताना वारा फिरला आणि गडी चक्कर येऊन पडला, तर सिस्टर धावत येते, ‘बिचारा’ म्हणते. तेच औषध कोणी घरात बसून घेतले असेल, तर पहिला प्रश्न येतो, “मरायचंच होतं तर इथं कशाला आणलं?”

शिरूर आणि दौंड तालुक्यांत बैठकांच्या निमित्ताने फिरताना हे वाक्य आम्ही फार घरांतून ऐकले. पाबळ-केंदूर-कान्हूरच्या बाजूला ऐकले आणि कुसेगाव-पडवी-जिरेगावच्या बाजूलाही ऐकले. दवाखान्यांची नावे आम्ही मुद्दाम घेत नाही. हे एका दवाखान्याचे दुखणे नाही, आणि पैसे मोजून घेणाऱ्या खाजगी दवाखान्यांतही ते तेवढेच आहे. एका बाईला पोट धुण्यासाठी नळी घालताना, आजूबाजूच्या खाटांवरची माणसे बघत असताना, “परत घेशील का? बोल, परत घेशील का?” असे विचारले गेले. तिच्या भावाला हे सोसले नाही. तिसऱ्या दिवशी ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ असे लिहून देऊन तो तिला घरी घेऊन गेला. ती वाचली, हे तिचे नशीब. तसे न्यायला नको होते. का, ते पुढे सांगतो.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, काही कार्यकर्ते आम्हाला म्हणाले, “साहेब, लढाई भावाची आहे. ज्वारी-कापसाला दर मिळाला तर कोणी बाटलीला हात लावणार नाही. दवाखान्यातल्या बोलण्याचं काय घेऊन बसलात?” भावाची लढाई पहिली आहे, यात आम्हाला शंका नाही. पण भाव मिळेपर्यंत माणूस जगायला हवा ना! शिवाय दवाखान्यात येणारा प्रत्येक जण कर्जापायीच येतो असेही नाही. सासरच्या जाचाने कावलेली सून येते, बारावीला नापास झालेला पोरगा येतो, दारूने घर धुवून नेलेला येतो. या सगळ्यांना एकच गोष्ट हाताशी सापडते, कारण ती आपल्या गोठ्याच्या फळीवर ठेवलेली असते.

आता बोलण्याचा आणि मरण्याचा संबंध काय, ते पाहू. शेतकी कॉलेजात कीटकशास्त्र शिकताना आम्ही जे शिकलो, ते इथे उपयोगाला येते. आपल्याकडची पुष्कळ कीटकनाशके ऑरगॅनोफॉस्फेट गटातली. किडीच्या नसांतून जाणारा निरोप जिथल्या तिथे थांबवणारे एक विकर असते. हे औषध ते विकर बांधून टाकते. निरोप थांबतच नाही, आणि कीड तडफडून मरते. माणसाच्या नसांतही तेच विकर असते. म्हणून तोंडाला फेस, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, छातीत पाणी भरल्यासारखी घरघर. त्यावर ॲट्रोपिन हे इंजेक्शन. छाती कोरडी होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा द्यावे लागते. त्याने तोंडाला कोरड पडते, माणूस बरळतो, सलाईन उपटतो, आणि मग त्याचे हात पट्टीने खाटेला बांधतात. नातेवाइकांना वाटते, याला वेड लागले. शेजारच्या खाटेवरचे म्हणतात, नाटक चालले आहे. सिस्टरने दोन वाक्ये सांगितली, की हे इंजेक्शनमुळे होते आहे, उतरेल, तर घरच्यांचा अर्धा जीव भांड्यात पडतो. ती दोन वाक्ये सांगायला पैसे लागत नाहीत.

इतके सगळे करून माणूस उठून बसतो, चहा मागतो. आणि इथेच धोका असतो. या गटातल्या विषात पहिल्या दिवसानंतर साधारण चौथ्या दिवसापर्यंत मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. मान उशीवरून उचलता येत नाही, आणि मग श्वास थांबतो. दवाखान्यात हे लक्षात आले तर श्वासाच्या यंत्रावर घेऊन माणूस वाचवता येतो. घरी काहीच करता येत नाही. अपमान झालेला माणूस नेमका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघून जातो. कागदावर त्याची नोंद ‘स्वतःच्या जबाबदारीवर गेला’ अशी होते. त्याला तिथून कोणत्या वाक्याने उठवले, हे कागदावर येत नाही.

बोलण्याची किंमत त्याच्या आधीच द्यायला सुरुवात झालेली असते. तिथे काय ऐकावे लागेल हे गावाला माहीत असते. म्हणून घरचे सांगतात, “चुकून पोटात गेलं,” नाहीतर “नुसती चक्कर आली.” बाटली लपवतात. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग आणि त्याखाली छापलेला उतारा ही डॉक्टरला लागणारी सर्वांत मोलाची माहिती असते, आणि नेमकी तीच उकिरड्यात जाते. कोणी सरकारी दवाखाना टाळून ओळखीच्या डॉक्टरकडे नेतो. तो हात वर करतो, आणि मग १०८ ला फोन होतो. तिथून ससूनपर्यंत दीड-दोन तास. हा गेलेला वेळ कोणाच्या खात्यावर लिहायचा?

नळीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. पोट धुण्याचा उपयोग झालाच तर साधारण पहिल्या तासाभरात होतो, तोही श्वासाची वाट सांभाळून धुतले तर. माणूस झटापट करतो आहे आणि चौघांनी दाबून धरले आहे, अशा वेळी पाणी फुप्फुसात जाऊन जीव जाऊ शकतो. श्रीलंकेतल्या दवाखान्यांत असे घडल्याचे डॉक्टरांनीच लिहून ठेवले आहे. घरी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा आपला उद्योगही तितकाच घातक आहे. ‘चांगलं धुवा, म्हणजे अद्दल घडेल’ हे वाक्य काही वेळा दवाखान्यातला माणूस बोलतो, आणि काही वेळा, सांगायला वाईट वाटते, सासरा बोलतो.

कायदा काय म्हणतो? मुंबईचा एक पोलीस शिपाई. अपघातात डोक्याला मार लागला, मन बिघडले. बायकोच्या भाजीच्या गाळ्याच्या परवान्यासाठी खेटे घालून थकला आणि महापालिकेच्या दारात त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. त्याच्यावर कलम ३०९ लावले. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत आणि न्या. बी. जी. कोळसे-पाटील यांनी ते कलमच घटनाबाह्य ठरवले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटले, आणि १९९६ मध्ये मोठ्या पीठाने ते फिरवले. शेवटी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. त्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून चालायचे, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ सारखे सरसकट कलम उरलेलेच नाही. (एक कलम आहे, २२६. सरकारी नोकराला काम करायला किंवा न करायला भाग पाडण्यासाठी असा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तहसील कचेरीसमोर बाटली घेऊन बसण्याची भाषा करणाऱ्या आपल्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे. तसल्या आंदोलनाला आमचा विरोध आहे, आणि तो कलमामुळे नाही.) दवाखाना पोलिसांना कळवतो ती नोंद असते, गुन्हा नव्हे. आणि आधी उपचार, कागद नंतर, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे.

२०१७ च्या कायद्याच्या मसुद्यामागे पुण्याच्या आयएलएस संस्थेतल्या केंद्राचे डॉ. सौमित्र पाठारे यांचा मोठा हात आहे. म्हणजे कायदा आपल्याच जिल्ह्यात घडला. लॉ कॉलेज रस्त्यावरून तो तालुक्याच्या अपघात विभागात पोचला आहे का, हे आपणच जाऊन पाहायचे.

दवाखान्यातल्या माणसांवर सगळे ढकलून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. एक डॉक्टर, दोन सिस्टर, रात्रीची वेळ. एका बाजूला पुणे-नगर रस्ता, दुसऱ्या बाजूला पुणे-सोलापूर रस्ता, दोन्हीकडून अपघात येणार. त्यात बाळंतीण, त्यात साप चावलेला. अशा वेळी ‘याने स्वतः होऊन घेतले’ हा विचार मनात येणे माणसासारखेच आहे. वर बरोबर आलेले तीस जण काचा फोडायच्या तयारीत. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, ही आपल्यालाही शोभेची गोष्ट नाही. पण थकवा सगळ्याच रुग्णांच्या बाबतीत असतो. जीभ मात्र याच रुग्णावर सुटते. तेव्हा कारण थकव्याच्या पलीकडे आहे. या माणसाचे दुखणे हे दुखणे आहे, असे तिथे कोणी मानलेले नाही.

मानायला शिकवता येते. २००० मध्ये मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. विष घेतलेली किंवा ‘चुकून फिनेल प्यायलेली’ बाई अपघात विभागात आली की सिस्टरने चौकशी करून तिला केंद्राकडे पाठवायचे. तिथे घरात काय चालले आहे हे बाजूला बसवून विचारायचे, आणि घरी पाठवण्याआधी तिच्या जिवाचा बंदोबस्त काय, हे तिच्याशीच ठरवायचे. परदेशातली नाही, मोठ्या पगाराची नाही, पालिकेच्याच दवाखान्यातली माणसे हे शिकली. पुढे मुंबईतल्या आणखी पालिका रुग्णालयांत अशी केंद्रे निघाली.

“मरायचंच होतं” हे वाक्य खरेही नाही. पुष्कळांचा तो निर्णय काही मिनिटांचा किंवा काही तासांचा असतो. श्रीलंकेने १९९५ मध्ये सर्वांत जहाल गटातली कीटकनाशके आणि १९९८ मध्ये एंडोसल्फान बंद केले. त्यानंतरच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले, आणि पिकाचे उत्पन्न त्यापायी घटले नाही. त्या सगळ्यांना मरायचेच असते तर बाटलीतले औषध बदलल्याने काय फरक पडला असता? आणि किती घेतले यावरून ‘हा खरा, हा नाटकी’ असे ठरवणाऱ्याला तर विषही कळत नाही आणि माणूसही कळत नाही. आपल्याकडे मोनोक्रोटोफॉस बंद करण्याचा आदेश २०२३ मध्ये निघाला आणि जुना साठा विकायला सप्टेंबर २०२४ पर्यंत मुदत मिळाली. घरात पडून राहिलेल्या बाटल्यांना मात्र कोणाचीच मुदत नाही.

मेलेल्याची मोजदाद तरी होते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २०२२ साली शेतीतल्या ११,२९० माणसांच्या आत्महत्या नोंदवल्या, आणि महाराष्ट्र त्यात सर्वांत पुढे. पात्र-अपात्र ठरवायला समिती बसते, पात्र ठरला तर घरच्यांना एक लाख रुपये मिळतात. जो वाचला त्याची यादी नाही, समिती नाही, भेटायला येणारा पुढारी नाही. एकदा प्रयत्न केलेल्या माणसाला पुढचा धोका सर्वांत जास्त असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे कोणाकडे लक्ष ठेवायचे हे सरकारला दवाखान्याच्या रजिस्टरातच लिहून मिळालेले आहे. शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करणारा ‘प्रेरणा प्रकल्प’ २०१५ मध्ये निघाला तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी. पुणे जिल्हा म्हणजे ऊस आणि कारखाने, अशी मंत्रालयात समजूत. कान्हूर मेसाईची जिरायत त्या नकाशात दिसत नाही.

जिल्हा बैठकीपूर्वी दोन्ही तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावे. घोषणा नकोत, चार-पाच जण पुरे. तिथे रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यात आपला कोण बसतो ते पाहावे. ॲट्रोपिनचा साठा रात्रीही हाताशी असतो का, श्वासाच्या यंत्राची सोय नसेल तर रुग्ण कोणत्या टप्प्यावर पुढे पाठवतात, पोलीस जबाब रुग्ण सावरण्याआधी घेतला जातो का, आणि घरी सोडण्याआधी मानसोपचाराच्या माणसाशी गाठ घालून दिली जाते का, हे विचारावे. पडदा लावून, चार लोकांना ऐकू न जाता बोलण्याची जागा आहे का, हेही विचारावे. नसेल तर पडदा आपण वर्गणीतून देऊ.

तोवर गावात एवढे करा. बाटली आणि लेबल बरोबर न्या, खरे सांगा, चार-पाच दिवस उठू नका. खाटेजवळ जाऊन “असं का केलंस” विचारणाऱ्या पाहुण्यांना बाहेर बसवा. ज्याच्या घरात काळजी वाटते आहे त्याने औषधे कुलपात ठेवावीत, किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. १४४१६ हा टेली-मानसचा फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते. आणि रुग्णालयातून मिळालेली उत्तरे बैठकीला लेखी आणा. ‘साहेब बघतो म्हणाले’ हे उत्तर धरले जाणार नाही.